परदेशी पाहुणा, एसटी आणि ट्रॅव्हल्स : मराठवाड्यात बसने फिरणाऱ्याला नेमकं काय सांगाल?

अजिंठा-वेरूळला येणारे बरेच परदेशी पाहुणे टॅक्सी करून येतात आणि तशीच टॅक्सी करून परत जातात. पण पाठीवर सॅक टाकून एसटीनं निघणारेही आहेत. त्यातले काही पुढं नांदेड, लोणार, बीदरपर्यंत जातात. ते रस्ता विचारतात आपल्यालाच. गाईडला, लॉजवाल्याला, शेजारच्या सीटवरच्या माणसाला. आपण मोठ्या मनानं “हो हो, गाडी आहे” म्हणतो आणि पाहुणा भलत्याच गावात उतरतो.

ज्यांचं रोजचं कामच हे आहे, त्यांनी इथं लिहावं ही विनंती. किस्से नकोत. कोणती गाडी, कुठून सुटते, कुठं उतरायचं, चूक कुठं होते आणि का होते, तेवढं लिहा.

निवृत्त वाहक, सिल्लोड

सगळ्यात मोठी चूक अजिंठ्याची. लेणी बघायला निघालेला माणूस वाहकाला म्हणतो “अजिंठा”, वाहक अजिंठ्याचं तिकीट फाडतो आणि माणूस अजिंठा गावात उतरतो. लेणी तिथं नाहीत. छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडं जाताना आधी फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव, मग अजिंठा गाव लागतं. त्यानंतर घाट उतरला की लेणीचा फाटा येतो, त्याला सगळे ‘टी पॉइंट’ म्हणतात. फर्दापूर गाव त्याच्याही पुढं. म्हणून तिकीट मागताना “अजिंठा लेणी, टी पॉइंट” असंच म्हणायचं. वाहकाला कळत नसेल तर “फर्दापूर” म्हणायचं आणि घाट उतरल्यावर सांगायला लावायचं. घाट हीच पाहुण्याला सांगण्यासारखी खूण: वळणं सुरू झाली की सॅक हातात घ्या, घाट संपला की उठा.

गाडी कोणती? जळगाव, भुसावळ, बऱ्हाणपूर अशी पाटी असलेली आणि सिल्लोडमार्गे जाणारी. अंतर १०० किलोमीटरच्या आसपास, वेळ अडीच ते तीन तास. जळगावच्या बाजूनं आलात तर ६० किलोमीटर, दीड तास. जळगाव हे मुंबई-हावडा मार्गावरचं मोठं स्टेशन आहे. त्यामुळं रेल्वेनं जळगावला उतरायचं, लेणी बघून त्याच रस्त्यानं पुढं संभाजीनगरला यायचं, हा मार्ग सगळ्यात सरळ. एकच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही.

टी पॉइंटवरून लेणीपर्यंत ४ किलोमीटर. बाहेरच्या गाड्या आत सोडत नाहीत, एसटीच्याच बस ये-जा करतात, त्यांचं तिकीट वेगळं. लेणी बंद होण्याच्या वेळेला खाली येणाऱ्या बसला एकदम गर्दी होते. ज्याला रात्री संभाजीनगर गाठायचंय त्यानं साडेचारलाच निघावं. फाट्यावर स्थानक नाही. गाडी हात करूनच थांबवावी लागते आणि भरलेली जलद गाडी थांबत नाही. एक गेली तर दुसरीची वाट बघा, मधे उभ्या राहिलेल्या माणसाच्या सांगण्यावरून लगेच महाग टॅक्सी करू नका, एवढं पाहुण्याला आधीच सांगून ठेवा.

गाईड, वेरूळ

वरच्यात जोड: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. हे उलटसुलट लक्षात ठेवणारे रोज भेटतात. रविवारी रात्री आलेल्या पाहुण्याला सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा लावून द्या, दोन्ही दिवस सत्कारणी लागतात. परदेशी नागरिकाला दोन्हीकडं प्रवेश ६०० रुपये, आपल्याला ४०. हा फरक आधी सांगितला तर खिडकीवर वाद होत नाही.

वेरूळ ३० किलोमीटर. कन्नड, चाळीसगाव किंवा धुळ्याची गाडी. पण धुळ्याकडची प्रत्येक गाडी लेणीच्या दारावरून जाईल असं धरू नका. चढण्याआधी वाहकाला एकच प्रश्न: “वेरूळ लेणीच्या गेटवर थांबते का?” नुसतं “वेरूळ” म्हटलं तर तो गावात किंवा घृष्णेश्वराजवळही सोडेल. तिथून मागं चालत यायला फार नाही, पण उन्हात सॅक घेऊन कशाला?

दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ एकाच रस्त्यावर आहेत. सकाळी आधी शेवटचं ठिकाण, म्हणजे वेरूळ गाठावं आणि परत येताना दौलताबाद करावं, असं बरेच जण सुचवतात. मी उलटं सांगेन. किल्ल्याची चढण सकाळच्या गारव्यात करा. कैलास लेणं (१६ क्रमांक) पश्चिमेकडं तोंड करून आहे, दुपारनंतरचं ऊन त्याच्यावर चांगलं येतं. मात्र सूर्यास्तानंतर परतीची गाडी विरळ होते, म्हणून साडेपाचला रस्त्यावर या. गाडी नाही मिळाली तर काळी-पिवळी असते. ती भरल्याशिवाय हलत नाही आणि ‘भरली’ याचा तिथला अर्थ पाहुण्याला आधीच समजावून द्या.

चौकशी खिडकीवर काम केलेला

पाटी वाचायची कशी ते शिकवा. पाटी देवनागरीत असते, आकडेही कधी देवनागरी. कागदावर मोठ्या अक्षरात तीन गोष्टी लिहून द्या: जायचं गाव, उतरायचा थांबा, आणि ‘मार्गे’ पुढचं नाव. पाहुणा अक्षरं जुळवून बघतो, वाचता आलं नाही तरी चालतं. उच्चारून विचारण्यापेक्षा हा कागद दाखवणं शंभरपट बरं.

गोंधळाची कारणं अशी.

नाव. सरकारी बदल २०२३ चा, एसटीवर ‘छ. संभाजीनगर’, पाहुण्याच्या पुस्तकात आणि कित्येक तिकीट साइटवर औरंगाबाद. तसंच उस्मानाबाद म्हणजे धाराशिव, अहमदनगर म्हणजे अहिल्यानगर. दोन्ही नावं कागदावर लिहा. साइटवर शोधताना बिहारमधलंही एक औरंगाबाद येतं, राज्य बघूनच पुढं जा.

बसवर रंगवलेलं आगाराचं नाव. ते गाडी कुठली आहे ते सांगतं, कुठं जायलीय ते नाही. ‘परभणी आगार’ वाचून पुण्याच्या गाडीत चढलेले लोक आहेत. नंबर प्लेटचंही तसंच. एसटीच्या बऱ्याच गाड्यांची बांधणी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत झालेली, त्यामुळं एमएच १४, २० किंवा ४० क्रमांक राज्यभर दिसतो. एमएच २० म्हणजे संभाजीनगरची गाडी, हा समज काढून टाका.

‘विनावाहक’. यात वाहक नसतो. तिकीट आधी घ्यायचं, मधे गाडी थांबत नाही. सरळ शहर ते शहर जाणाऱ्याला ही उत्तम, मधल्या फाट्यावर उतरणाऱ्याला निरुपयोगी.

दोन स्थानकं. संभाजीनगरात मध्यवर्ती आणि सिडको. जालना, परभणी, नांदेडकडच्या गाड्या सिडकोलाही लागतात. चिकलठाणा विमानतळाकडून येणाऱ्याला सिडको जवळ. पुण्याला जायचं तर मध्यवर्तीच. आणि पुण्याहून येणाऱ्याला सांगा की शिवाजीनगरचं स्थानक २०१९ अखेर वाकडेवाडीला हलवलेलं आहे. रिक्षावाल्याला ‘वाकडेवाडी एसटी स्टँड’ म्हणायचं. पुणे-संभाजीनगर सुमारे २३५ किलोमीटर, पाच ते सहा तास.

पैसे. भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यानं लागतं, म्हणून मधल्या फाट्याचं तिकीट पुढच्या टप्प्याइतकं पडू शकतं. ती फसवणूक नाही, हे समजावून सांगा. १०, २०, ५० च्या नोटा जवळ ठेवाव्यात. ५०० ची नोट सकाळच्या पहिल्या फेरीला दिली तर वाहक तिकिटाच्या मागं बाकी लिहून देतो. उतरायच्या आधी ती मागून घ्यायची. तिकीट शेवटपर्यंत जपायचं, तपासणी पथक कुठंही चढतं.

चार किंवा सात दिवस फिरायचं असेल तर ‘आवडेल तेथे प्रवास’ पास बघा. फोटो आणि ओळखपत्र लागतं. साधी आणि शिवशाही यांचे पास वेगळे, साध्याचा पास घेऊन शिवशाहीत बसता येत नाही. आणि पास म्हणजे आरक्षण नव्हे, सीटची हमी त्यात नाही.

ट्रॅव्हल्स बुकिंग, संभाजीनगर

खाजगी गाडीत अडचण बसायच्या आधीच येते. परदेशी कार्ड आपल्या साइटवर बऱ्याचदा चालत नाही. ओटीपीला भारतीय नंबर लागतो आणि पाहुण्याकडं फक्त डेटाचं ई-सिम असतं. म्हणून तुम्ही तुमच्या नंबरवरून बुकिंग करता. मग गाडीचा नंबर, लाइव्ह लोकेशनची लिंक आणि चालकाचा फोन, सगळं तुमच्याकडं येतं. गाडी सुटायच्या वेळेला तुम्ही झोपलेले असाल तर पाहुणा रस्त्यावर. बुकिंग केलं की गाडीत बसेपर्यंत जबाबदारी तुमची.

पिकअप पॉइंटचं नाव नीट बघा. ‘बाबा पेट्रोल पंप’ असं तिकिटावर येतं, नकाशात महावीर चौक दिसतो; जागा एकच. रस्त्याची कोणती बाजू, ते फोन करून विचारा, कारण मुंबई-पुण्याच्या आणि नागपूरच्या गाड्या एकाच कडेला थांबत नाहीत.

नागपूर-मुंबई समृद्धीवरून धावणाऱ्या गाडीचा ‘संभाजीनगर’ थांबा शहरात असेलच असं नाही. सावंगी इंटरचेंज लिहिलेलं असेल तर तिथं रात्री दोनला रिक्षा मिळण्याची खात्री नसते. आधी गाडी ठरवून ठेवा.

पुण्याहून रात्री दहा-अकराला निघालेली स्लीपर पहाटे तीन-चारला पोचते. अंतर रात्रभराचं नाही, हे पाहुण्याच्या लक्षात येत नाही. मी तरी सांगतो, पुण्याहून दिवसा या. स्लीपर नांदेड-पुणे अशा साडेचारशे किलोमीटरच्या प्रवासाला ठीक. एकट्यानं जाणाऱ्यानं २ बाय १ मधली एकेरी बाजू आणि खालचा बर्थ घ्यावा. डबल बर्थचा अर्धा घेतला तर शेजारी अनोळखी माणूस येतो.

गाड्यांच्या बॉडीचं काम करणारा, जालना

स्लीपरबद्दल वर लिहिलंय त्यात हे असलंच पाहिजे. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खाजगी स्लीपर उलटून पेटली, २५ माणसं गेली. गाडी दाराच्या बाजूवर पडली आणि दार दबलं गेलं. जे वाचले ते काच फोडून निघाले.

म्हणून चढल्यावर पहिलं काम मोबाइल चार्जिंगला लावणं नव्हे. मागचा आपत्कालीन दरवाजा कुठं आहे, त्याच्यासमोर पार्सलची पोती रचलीत का, काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, हे बघा. हातोडी बहुतेक वेळा जागेवर नसते. काच फोडायची तर मध्यावर नाही, कोपऱ्याजवळ मारायची. मध्यावर काच लवचिक असते, मार झेलून घेते. पासपोर्ट, औषध, चपला उशाशी. मागचा रस्ता मालानं बंद असेल तर गाडी सुटायच्या आत बोला. पाहुण्याला भाषा येत नसेल तर पोचवायला गेलेल्यानं बोलावं.

लॉजचालक, लातूर

बसनं पोचणं जमतं, राहायचं अडतं. परदेशी माणूस मुक्कामाला आला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, ज्याला ‘सी फॉर्म’ म्हणतात. लहान लॉजकडं त्याची नोंदणीच नसते, म्हणून “रूम नाही” म्हणतात, चाव्या भिंतीवर टांगलेल्या असल्या तरी. हा नियम होमस्टेलाही आहे. बीड, हिंगोली, उदगीर अशा गावी रात्री नऊनंतर उतरायची वेळ येऊ देऊ नका, आधी लॉजला फोन करून “परदेशी पासपोर्ट घेता का?” एवढं विचारा. उदगीरहून बीदरला कर्नाटकच्याही गाड्या जातात. त्यांची पाटी कन्नडमध्ये, तेव्हा तुमचा देवनागरी कागद तिथं उपयोगाचा नाही, नाव इंग्रजीत लिहून द्या.

नांदेड

इंग्लंड-कॅनडाहून सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला येणारे बरेच. त्यांना राहण्याची सोय गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात बघायला सांगा, पासपोर्ट लागतोच. रेल्वे स्टेशन आणि बसस्थानक जवळजवळ आहेत. हैदराबादला तेलंगणाच्या गाड्या मिळतात. निजामाबादवरून की देगलूरवरून जाते ते विचारून चढा.

जालन्याहून, लोणारबद्दल

लोणार बुलढाण्यात, पण संभाजीनगरहून जाणाऱ्याला जालनाच सोयीचं. थेट गाडी चुकली तर मेहकरची गाडी धरायची, सुलतानपूरला उतरायचं, तिथून लोणार १२ किलोमीटर. पाटीवर ‘मार्गे सिंदखेडराजा’ हवं. समृद्धीवरून जाणारी नागपूरची जलद गाडी यातल्या एकाही गावात थांबत नाही. एका दिवसात जाऊन-येऊन होतं, पण सरोवरात उतरून वर चढायचं असेल तर मुक्काम ठेवा.

पाहुणे ठेवणाऱ्या ताई, खुलताबाद

एकट्या मुलीला दोन गोष्टी सांगते. एसटीत महिलांसाठी राखीव आसनं आहेत, वर लिहिलेलं असतं. तिथं पुरुष बसला असेल तर वाहकाला सांगायचं, संकोच करायचा नाही. आणि गाडी ढाब्यावर थांबते तेव्हा बसचा नंबर फोटोत घेऊनच उतरायचं. एकसारख्या चार लाल गाड्या शेजारी उभ्या असतात. स्वच्छतागृह मोठ्या स्थानकातलंच वापरावं, सुटे पैसे हातात.

धाराशिव आगाराजवळ राहणारा

तारखा बघा. आषाढी एकादशीच्या आठवड्यात सगळ्या आगारांच्या गाड्या पंढरपूरला लागतात, नवरात्रात तुळजापूरला. नेहमीच्या फेऱ्या तेव्हा रद्द होतात आणि ऑनलाइन वेळापत्रकात ते दिसेलच असं नाही. बंद किंवा आंदोलन असलं की सगळ्यात आधी एसटी थांबते, सप्टेंबर २०२३ मध्ये जालन्याकडं थांबली होती तशी. विमान किंवा रेल्वे पकडायची असेल तर अशा दिवशी एक मुक्काम आधीच त्या शहरात करा. सोलापूरहून तुळजापूर ४५ किलोमीटर, गाड्या भरपूर. नळदुर्गचा किल्ला सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे, तुळजापूरच्या गाडीत बसून तो लागत नाही. उमरग्याकडची गाडी हवी.