आरक्षणाच्या दुव्यातला एक आकडा बदलला आणि दुसऱ्याच पाहुण्यांची माहिती उघडली

मालवणचा यजमान

नमस्कार. मालवणजवळ आमचे पाच खोल्यांचे घरगुती निवास आहे. वर्डप्रेसवरची साइट चार वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाने करून दिली आणि आरक्षणासाठी तिच्यात एक प्लगइन (साइटला जोडायचा तयार प्रोग्रॅम) बसवला. गेल्या आठवड्यात नाशिकच्या एका पाहुण्यांचा फोन आला. आरक्षण पक्के झाल्याच्या ई-मेलमधल्या दुव्याच्या शेवटी १८४६ हा आकडा होता. तो हाताने टाइप करताना त्यांच्याकडून १८४५ झाला आणि समोर दुसऱ्याच कुटुंबाचे नाव, मोबाइल क्रमांक, मुक्कामाच्या तारखा आणि आधार कार्डाची प्रत उघडली. मी माझ्या फोनवर, कुठेही लॉगिन न करता, १८४४ टाकून पाहिले. तेही उघडले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नंतर जुने ई-मेल चाळले, तेव्हा होस्टिंगवाल्यांनी महिन्यापूर्वीच याच प्लगइनबद्दल ‘ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल, तीव्रता ५.३, मध्यम’ असे कळवल्याचे दिसले. साइट करणारा मुलगा म्हणतो, मध्यमच आहे, सवडीने अपडेट करू. साइटला कुलपाचे चिन्ह आहे आणि पासवर्डही अवघड आहे. मग हे घडले कसे, आणि अपडेट केल्यावर विषय संपतो का?

प्लगइन लिहिणारी

कुलपाच्या चिन्हाचा आणि पासवर्डचा इथे संबंध येत नाही. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधला मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढीच हमी कुलूप देते. आपण कोण आहात, हे पासवर्ड ठरवतो. ‘ही नोंद या माणसाला दाखवायची का’ हा तिसराच प्रश्न आहे आणि तो आपल्या प्लगइनने विचारलेलाच नाही; ‘ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल’ म्हणतात ते हेच. लॉजच्या काउंटरवर कोणीही येऊन ‘१८४५ नंबरची नोंद दाखवा’ म्हणावे आणि मॅनेजरने मान वर न करता नोंदवही त्याच्यापुढे सरकवावी, तसे हे झाले. वेब सुरक्षेच्या धोक्यांची जी यादी ओवास्प ही संस्था काढते, तिच्यात हा दोष २०१७ साली पाचव्या स्थानी होता; २०२१ साली तो पहिल्या स्थानी गेला.

आरक्षणाच्या प्लगइनमध्ये तो वारंवार सापडतो, कारण पाहुण्याला खाते न उघडता खोली घेता यावी म्हणून काही दारे उघडी ठेवावीच लागतात. वर्डप्रेसमध्ये ‘डब्ल्यूपी एजॅक्स नोप्रिव्ह’ या हुकला (आपला कोड वर्डप्रेसमध्ये अडकवण्याच्या जागेला) जोडलेले काम लॉगिन नसलेल्या कोणालाही करता येते. रिकाम्या तारखा दाखवणे तिथे योग्यच आहे, पण घाईच्या कोडमध्ये आरक्षण दाखवणे, रद्द करणे, कधी दर बदलणेसुद्धा त्याच दाराने आत येते. दुसऱ्यांचे कोड तपासताना मला सर्वाधिक वेळा आढळलेली चूक ‘इज अ‍ॅडमिन’ या फंक्शनची आहे. नावावरून वाटते की समोरचा प्रशासक आहे का, हे ते तपासते. प्रत्यक्षात मागणी अ‍ॅडमिन विभागाकडे आली आहे का, एवढेच ते पाहते, आणि ‘अ‍ॅडमिन-एजॅक्स’ फाइलकडे (वरची उघडी दारे हिच्यातूनच जातात) आलेल्या प्रत्येक मागणीला, मग ती अनोळखी माणसाची का असेना, ‘हो’ असेच उत्तर देते. नॉन्सचेही, म्हणजे मागणी आपल्याच साइटच्या पानावरून आली का हे ओळखण्यासाठी वर्डप्रेस देते त्या तात्पुरत्या संकेताचेही, तसेच: परवानगी तपासण्यासाठी त्यावर विसंबू नका, असे वर्डप्रेसच्या मार्गदर्शिकेतच स्पष्ट लिहिलेले आहे. कर्मचाऱ्यांच्या कामांसाठी ‘करंट यूजर कॅन’ने अधिकार तपासावा, आणि पाहुण्यांच्या दुव्यात क्रमांकाऐवजी प्रत्येक आरक्षणाची वेगळी, लांब, अंदाज बांधता न येणारी किल्ली घालून ती सर्व्हरवर जुळवून पाहावी. आपण आजच अपडेट करा.

सर्व्हर सांभाळणारा

वरील उत्तर योग्य आहे, पण एका क्रमाबद्दल माझे मत वेगळे आहे. अपडेटला हात लावण्यापूर्वी प्लगइन बंद करा आणि होस्टिंगच्या पॅनेलमधून अ‍ॅक्सेस लॉग (साइटवर कोणी, कधी, काय उघडले याची नोंद) उतरवून घ्या, कारण पुष्कळ ठिकाणी जुने लॉग थोड्याच दिवसांत पुसले जातात आणि मग कोणाची माहिती गेली हे कधीच कळत नाही. त्यात एकाच इंटरनेट पत्त्यावरून ओळीने वाढत जाणारे आरक्षण क्रमांक मागितलेले दिसले, तर ती चुकून झालेली टाइपिंगची गफलत नव्हे. संशयास्पद मागण्या अडवणाऱ्या फायरवॉलवरही भरवसा ठेवू नका. १८४५ मागणारी विनंती आणि १८४६ मागणारी विनंती दिसायला सारखीच असते.

‘मध्यम’ या शब्दाने तर फसूच नये. इंटरनेटवरून, लॉगिनशिवाय, सहज करता येणारा हल्ला आणि गोपनीयतेची हानी ‘कमी’ धरली, तर सीव्हीएसएसच्या, म्हणजे दोषाची तीव्रता दहापैकी अंकांत मोजणाऱ्या पद्धतीच्या, गणितात नेमके ५.३ येतात, तीच हानी ‘जास्त’ धरली की ७.५ होतात. तो अंक प्लगइनला दिलेला आहे. आपण त्यात आधारच्या प्रती साठवल्या आहेत, हे अंक देणाऱ्याला ठाऊक नसते.

अपडेटनंतर खासगी विंडोत जुना दुवा उघडून पाहा. आधारच्या प्रतींचे थेट दुवेही स्वतंत्रपणे तपासा. त्या वर्डप्रेसच्या, बाहेरून थेट उघडता येणाऱ्या ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये असतील, तर प्लगइन सुधारला तरी त्या तशाच उघड्या राहतात.

मालवणचा यजमान

दोघांचेही मनापासून आभार. प्लगइन बंद केला आणि लॉग उतरवला. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे २ वाजून १० मिनिटांपासून चार मिनिटांत एकाच पत्त्यावरून १७०२ ते १७६० हे क्रमांक एकेक करून उघडलेले आहेत. आधारच्या प्रती ‘अपलोड्स’मध्येच होत्या; त्या सर्व्हरवरून हटवल्या. या ५९ नोंदींतल्या पाहुण्यांना कळवायचे आहे, पण नेमके काय सांगावे?

सर्व्हर सांभाळणारा

काय उघडे होते, कोणत्या तारखेला आणि आता काय बंद केले, हे सरळ सांगा. निवासाच्या नावाने त्यांना ओटीपी किंवा परताव्याच्या बहाण्याने फोन आला, तर तो आपला नव्हे, हेही सांगा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. ती वेळ उलटली असली, तरी आज कळवा.

मालवणचा यजमान

सर्ट-इनला ई-मेल पाठवला आहे. फोन करायला बसलो आहे; आतापर्यंत अकरा जणांशी बोललो.