साहसपटाचं पुस्तक: मुलांसाठी की तिकीटखिडकीसाठी?

पानवेडी: गाजलेल्या साहसपटाची मुलांसाठी कादंबरी आली की मी ती धास्तावूनच उघडते. मग तो धावला, मग त्याने उडी मारली, मग पूल कोसळला... पानंच्या पानं हेच. पडद्यावर धडकी भरवणारा पाठलाग कागदावर पंचनाम्यासारखा वाटतो. सिनेमासोबतच दुकानात पोचायचं म्हणून लेखक बहुतेकदा पटकथेवरूनच लिहितो, पुरा झालेला सिनेमा त्याने पाहिलेलाही नसतो. असलं मुलांच्या हाती द्यायचंच कशाला?

अर्धविराम: घाई असते, कबूल. पण १९६६चा 'फँटास्टिक व्हॉयेज' आठवा. माणसांसकट सूक्ष्म केलेली पाणबुडी रुग्णाच्या शरीरात सोडतात. तासाभरात बाहेर पडायचं, नाहीतर सगळं पुन्हा मूळ आकाराचं होणार. सिनेमात पांढरी पेशी पाणबुडी गिळते, माणसं डोळ्यातल्या अश्रूतून निसटतात आणि पाणबुडी राहते आतच! मग रुग्णाचं काय? विज्ञानकथा लिहिणाऱ्या आयझॅक असिमोव्हने पटकथेवरून कादंबरी लिहिताना हे भोक बुजवलं. त्याची माणसं त्या पेशीला चिथावून आपल्या मागे यायला लावतात, त्यामुळे तिने गिळलेली पाणबुडीही बाहेर येते. पुस्तक सिनेमाआधी आलं, म्हणून सिनेमाच पुस्तकावरून काढला असा पुष्कळांचा समज झाला, ते वेगळंच.

पानवेडी: असिमोव्ह किती जणांना मिळतो? शिवाय ती काही खास मुलांसाठी लिहिलेली नव्हती.

शेल्फमागची: जे मूल पुस्तकाला हात लावत नाही त्याचाही विचार करा. गोष्ट माहीत असते, त्यामुळे अवघड शब्दाला ते अडखळत नाही, अंदाजाने पुढे सरकतं. अख्खं पुस्तक संपवल्याचा आनंद काही खोटा नसतो.

तिरकस: मग सिनेमाच पुन्हा पाहू दे की. नायकाचा चेहरा मुखपृष्ठावर छापलेलाच आहे, कल्पनेला काम उरलंय कुठे?

अर्धविराम: चेहऱ्याच्या आत उरलंय. पटकथेत जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच असतं. भीती, संशय, फुशारकी हे नट दाखवतो. पुस्तकात ते लेखकाने लिहायचं. मी तर टोळीतल्या सगळ्यात लहान मुलीच्या नजरेतून सगळी गोष्ट सांगेन. पाठलाग अर्ध्या पानात उरकेन, आणि आदल्या रात्री तिला झोप का लागली नाही, त्याला अख्खं प्रकरण देईन.

तिरकस: आणि निर्माता ते प्रकरण कापेल.

पानवेडी: हे असं पुस्तक मात्र मी घेईन. फक्त मधोमध सिनेमाचे रंगीत फोटो घुसवू नका. खलनायक दरीत पडताना तिथेच दिसतो, आणि आपण अजून चौथ्या प्रकरणात असतो.