शेळीची खुरं वाढून आत दुमडलीत, नेमकी किती कापायची?

नवा_गोठा: बंदिस्त गोठ्यातल्या पाच शेळ्या आहेत. पुढची खुरं टोकाला वर वळलीत, बाजूची कड तळव्यावर दुमडून आत शेण-माती साचलीय. शिवाय एक शेळी लंगडते, तिच्या खुराच्या बेचक्यातून घाण वास येतो. कात्री आणली आहे, पण रक्त येईल या भीतीने हात उचलत नाही.

माळरान: चांगल्या चार आधी करा, लंगडी शेवटी. शेळी भिंतीला लावून दावं आखूड बांधा आणि पाय मूळचा वाकतो तसाच मागे दुमडा. बाजूला ओढलात की ती झटापट करणार.

आधी कात्रीच्या टोकाने माती पूर्ण काढा. मातीखाली काय आहे ते दिसल्याशिवाय कापू नका. मग दुमडलेली कड तळव्याच्या पातळीपर्यंत छाटा, नंतर पुढचं टोक. तळवा आणि टाच मात्र पातळ चकत्यांनीच. पांढऱ्यात गुलाबी छटा दिसू लागली की तिथेच थांबा, पुढच्या चकतीला रक्त येतं. मापाला केस संपतात ती रेषा बघा: खुराचा तळ तिला समांतर हवा आणि दोन्ही नख्या सारख्या. टाच उंच राहिली तर टोक कितीही कापा, शेळी नीट उभी राहत नाही.

फार वाढलेल्या खुरात जिवंत भागही पुढे सरकलेला असतो. ते एका बैठकीत आकारात आणायचा हट्ट नको, 2-3 आठवड्यांनी पुन्हा थोडं कापा. पुढे दर 6-8 आठवड्यांनी बघत जा. ओलसर खूर मऊ कापलं जातं, त्यामुळे पाऊस पडून गेल्यावर हे काम सोपं.

खुरकात्री: लंगडीचं लक्षण खुरकुजीचं वाटतं. तिचं खूर आत्ता कोरत बसू नका, जिवंत भाग उघडा पडला तर जखम भरायला उलट वेळ लागतो. डॉक्टरांकडून प्रतिजैविकाचं इंजेक्शन घ्या आणि तिला वेगळी बांधा. 10 लिटर पाण्यात 1 किलो झिंक सल्फेट, म्हणजे 10 टक्के द्रावण. ते 5-7 सेंमी खोल भरून 10-15 मिनिटं पाय बुडवून ठेवा, नंतर तासभर कोरड्या जागेवर. ओल्यात सोडलीत तर औषध धुऊन जातं. द्रावण पिऊ देऊ नका.

तोंडात फोड आणि ताप असेल तर तो लाळ्या-खुरकूत असू शकतो, तिथे कात्रीचं कामच नाही. लगेच डॉक्टरांना बोलवा.

नवा_गोठा: तरीही रक्त आलं तर? आणि एक शेळी गाभण आहे.

माळरान: स्वच्छ कापसाने 2-3 मिनिटं दाबून धरा, पोव्हिडोन आयोडीन लावा, कोरड्यात ठेवा. धनुर्वाताची लस झालेली नसेल तर डॉक्टरांना तेही विचारा. गाभण असेल तर शेवटचा महिना टाळा, ओढाताण सोसत नाही.

खुरकात्री: प्रत्येक शेळीनंतर कात्री जंतुनाशकात बुडवा. पुढे लंगडीचं खूर कापाल तेव्हा त्याचे तुकडे गोठ्यात पडू देऊ नका, गोळा करून जाळा.