व्हिडिओ कॅसेट ते डीव्हीडी: घरातलं काय उरलं, काय गेलं (अनुभव धागा)

जायांची_वेणी

चवथ (गणेशचतुर्थी) तीन आठवड्यांवर आलीय म्हणून काल माळ्यावरचं सामान खाली काढलं. गोव्यात म्हार्दोळचं आमचं जुनं घर, पत्र्याची पेटी, वर तांब्याची भांडी आणि तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक व्हिडिओ कॅसेट. लेबलावर आईच्या अक्षरात "चवथ १९९१, आजो". ती हातात घेऊन शिडीच्या पायरीवरच बसले कितीतरी वेळ.

त्या वर्षी काकाने पहिल्यांदाच व्हिडिओवाल्याला घरी बोलावलं होतं. आजो घुमट (कातडं ताणलेलं मातीचं वाद्य) वाजवत आरती म्हणायचे. तेव्हा घुमट घोरपडीच्या कातड्याचं असायचं, आता बंदी आहे, बकऱ्याचं लावतात, ते योग्यच आहे पण तो नाद वेगळा होता हे ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल. आजो १९९३ च्या पावसात गेले. त्यांचा आवाज या एका कॅसेटशिवाय कुठेच नाही. फोटो आहेत तीन.

२००५ साली सगळेच कॅसेट देऊन डिस्क करून घेत होते तशी आम्हीही एका स्टुडिओत करून घेतली, व्हीसीआर भंगारात घातला. त्या डीव्हीडीवर माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती रानातली फळं-पानं) बांधताना दिसते, आई आणि काकी पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसताना दिसतात, आणि आरतीची तयारी चाललेली असतानाच संपते. आम्हाला वाटलं शूटिंगच तेवढं असेल. काल बाबा म्हणाले, नाही गे, कॅसेट तीन तासांची होती, आरती पुरी घेतली होती त्याने. आता ती डीव्हीडीपण चालत नाही, नो डिस्क असं येतं. आणि कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर रिळावर पांढरे ठिपके, तांदळाची पिठी भुरभुरल्यासारखे.

कोणाकडे असं काही झालंय का? काय केलंत? नुसत्या आठवणीही चालतील, आज मला वाचायलाच पाहिजे आहेत.

खाडीपलीकडे

वाचवली तर सांग गं. आमच्याकडे लग्नाची कॅसेट आहे १९८८ ची पण तिच्यात आवाजच नाहीत. मिक्सिंग करून सगळीकडे पिक्चरची गाणी घातली होती, तीच फॅशन होती तेव्हा, बदामाच्या आकारात आमची दोघांची तोंडं आणि खालून फुलं वर येतात. सासऱ्यांनी आशीर्वाद देताना चार वाक्यं बोलली होती, ओठ हलताना दिसतात पण वर गाणं वाजतंय. मूळ कॅसेट मागायला गेलो तर तिच्यावर त्याने पुढचं लग्न घेऊन टाकलं होतं. कुकर झाला, येते

आबोली७०

"शिडीच्या पायरीवरच बसले" वाचून गळा दाटला. माझीही आजी कॅसेटमध्येच आहे. सविस्तर रात्री लिहिते.

सोल्डरगन

जायांची_वेणी, पहिली गोष्ट, ती कॅसेट कुठल्याही मशीनमध्ये घालू नका. कोणी हौसेने व्हीसीआर आणून दिला तरी नको.

मी मडगावला हेच काम करतो, आधी व्हीसीआर रिपेअर आणि आता कॅसेटचं कन्व्हर्जन. ते पांढरं म्हणजे बुरशी. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने हवा ओलीच असते आणि टेपवर जे लोखंडाच्या भस्मासारखं चुंबकी मटेरियल असतं ते ज्या गोंदात बसवलेलं असतं तो गोंद ओल धरतो. टेप अर्धा इंच रुंद. मशीनमध्ये गेली की ती एका फिरत्या ड्रमला गुंडाळली जाते, तो ड्रम मिनिटाला १५०० फेरे मारतो आणि त्याच्यावरचे चित्र वाचणारे हेड डोळ्याला धड दिसत नाहीत इतके बारीक. बुरशी त्या हेडमध्ये अडकली की चित्र जातं, टेप ओरबाडली जाते, आणि नंतर त्याच मशीनमध्ये घातलेल्या चांगल्या कॅसेटलाही तीच बुरशी लागते.

डीव्हीडी अर्धी का झाली तेही सांगतो. डिस्कची जागा ४.७ जीबी. बरं चित्र ठेवायचं तर त्यात दोन तास बसतात. तुमची कॅसेट ई-१८०, म्हणजे तीन तास. मशीन लावून माणूस दुसऱ्या कामाला गेला, डिस्क भरली, रेकॉर्डिंग थांबलं. त्या काळात अशा कितीतरी झाल्या, माझ्याकडे महिन्याला एखादी तरी येते. आणि नो डिस्क येतं त्याला दोन कारणं. एक तर ती शेवटी फायनलाइझ, म्हणजे बंद करून पक्की, केलेली नसते, मग फक्त ज्या मशीनवर केली त्याच्यावरच चालते. नाहीतर आतली डाय खराब झाली. लिहायच्या डिस्कवर रंगाचा थर असतो, लेझर त्याला भाजून खुणा करतो, तो रंग उजेडाने उष्णतेने उडतो. सिनेमाच्या विकतच्या डिस्कवर ठसे दाबलेले असतात म्हणून त्या टिकतात आणि घरच्या जातात.

कॅसेट उभी ठेवा, कोरड्या जागी. पुसू नका. मला निरोपातून कळवा.

डिचोलीकर

आमच्या वाड्यावर व्हिडिओ आणायचे, म्हणजे टीव्ही आणि व्हीसीआर दोन्ही भाड्याने, रिक्षातून, वर्गणी काढून, आणि रात्रभर तीन पिक्चर. अंगणात गोणपाटं टाकून. तिसऱ्या पिक्चरला सगळी पोरं झोपलेली असायची आणि सकाळी मशीन परत करायचं म्हणून म्हातारी मंडळी जागून बघायची. घरच्या शूटिंगचं नाही हे, पण व्हिडिओ म्हटलं की मला तेच आठवतं

पेडण्याचा_पडदा

आमच्या गावच्या उत्सवात देवळासमोर मराठी नाटक होतं दरवर्षी, गावातलीच माणसं, तालमी दोन महिने आधीपासून. १९९४ ला माझे वडील त्यात होते. तीन अंकी, ऐतिहासिक. जनरेटरची घरघर सगळ्या रेकॉर्डिंगभर आहे पण वडिलांचा आवाज तिच्यावरून जातो, असा आवाज होता. ती कॅसेट आम्ही शिगमो, चवथ, कधीही लावायचो.

९ मार्च १९९६, बेंगळुरूला भारत पाकिस्तान क्वार्टर फायनल. दादाला मॅच रेकॉर्ड करायची होती, कोरी कॅसेट नाही, हाताला लागली ती घातली. कॅसेटच्या पाठीला जो प्लॅस्टिकचा दात असतो तो मोडला की तिच्यावर रेकॉर्डिंग होत नाही. तो आम्ही मोडलेलाच होता पण दादाने भोकावर सेलोटेप चिकटवली. तिसरा अंक गेला. वडील काही बोलले नाहीत, मॅच आहे ना नीट, एवढंच विचारलं. दादा आजही तो दिवस निघाला की उठून बाहेर जातो. वडील २००१ ला गेले.

आबोली७०

पेडण्याचा_पडदा, दादांना सांगा त्यांचा दोष नाही. पोरवयात कोणाला कळतं.

मस्कतवाली

माझे बाबा कुवेतला होते. पत्र यायला वेळ लागायचा म्हणून बाबा कॅसेट पाठवायचे, कोणी सुट्टीवर येणार असेल त्याच्या बॅगेतून. खोली दाखवायचे, फ्रीज उघडून दाखवायचे की बघा मी नीट जेवतो, खिडकीतून रस्ता दाखवायचे, आणि मग कॅमेरा टेबलावर ठेवून समोर बसून आमच्याशी बोलायचे. मध्ये मध्ये थांबायचे, आम्ही उत्तर द्यावं म्हणून. मी आणि भाऊ टीव्हीला उत्तर द्यायचो खरोखर. आम्हीही इथून पाठवायचो, शेजारच्यांच्या कॅमेऱ्यावर घेऊन. शाळेतलं गॅदरिंग, आजीचं पोरसू (परसबाग), मांजराची पिल्लं.

ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं. बाबा एका हँडबॅगेनिशी निघाले, बगदाद करत अम्मानला, तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. पावणेदोन लाखाच्या आसपास आपली माणसं आणली तेव्हा अशी. आम्ही पाठवलेल्या सगळ्या कॅसेट तिथे कपाटात राहिल्या. आमचं लहानपण ज्यात होतं त्या सगळ्या. बाबांनी पाठवलेल्यांपैकी एकच उरली कारण बाकीच्यांवर आम्हीच परत रेकॉर्ड करून त्यांना पाठवत होतो, नवीन कॅसेट महाग होती ना.

ती एक मी २००७ ला डीव्हीडीवर घेतली आणि मग २०१९ ला परत कॅसेटवरूनच हार्ड डिस्कवर. दोन्ही शेजारी लावून बघितल्या. डीव्हीडीवर बाबांच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर नुसतं पांढरं दिसतं, कॅसेटवरून घेतलेल्यात त्याच्यावर पेनाने मारलेल्या फुल्या दिसतात. सुट्टीला किती दिवस उरले ते मोजायचे ते. म्हणून मूळ कॅसेट टाकू नका कोणी, हात जोडून सांगते.

खाडीपलीकडे

मस्कतवाली काय लिहिलंस गं. पोळ्या लाटायच्या थांबल्या माझ्या.

डिचोलीकर

पण मग तुम्ही मस्कतवाली कशा?

मस्कतवाली

बाबा १९९२ ला परत गेले, मस्कतला, या खेपेला आम्हाला घेऊन.

रानभाजी

माझ्याकडे बहिणीने अमेरिकेतून पाठवलेली आहे, भाच्याच्या पहिल्या वाढदिवसाची. आमच्या व्हीसीआरवर चित्र नुसतं गोल गोल वर सरकायचं, काळंपांढरं. आई म्हणायची पोराला नीट बघू पण देत नाहीत. तिकडची टीव्हीची पद्धत एनटीएससी आणि आपली पाल हे नंतर कळलं. आई तशीच बघायची, सरकणारं चित्र. सोल्डरगन, होईल का काही?

सोल्डरगन

होईल, दोन्ही सिस्टीम वाचणारं मशीन आहे माझ्याकडे. तिकडे ५२५ रेषा, आपल्याकडे ६२५, म्हणून चित्र सरकतं. कॅसेटमध्ये काही बिघाड नाही, बाळ आत सुखरूप आहे.

तिसवाडी

एक प्रश्न. लहान कॅसेट असते हँडीकॅमची ती मोठ्या कॅसेटच्या खोक्यात घालून व्हीसीआरला लावता येते म्हणतात, माझी त्यात बसत नाही, जबरदस्ती करू का?

सोल्डरगन

अजिबात करू नका! ती जी बसते ती व्हीएचएस-सी. तुमची ८ मिलीमीटरची असणार, व्हिडिओ-८ नाहीतर हाय-८. टेपची रुंदीच वेगळी. तिला तोच कॅमेरा लागतो. कॅमेरा फेकला नाहीत ना?

तिसवाडी

कपाटात आहे. चार्जर शोधतो

पाऊसपाणी

मी उलट बाजूचं सांगते. मुलाचं बारसं २००६, सगळं थेट डीव्हीडीवर, कॅसेट नाहीच. चार डिस्क, त्यातल्या तीन गेल्या. वर छान कागदी लेबल चिकटवून दिलं होतं, बाळाचा फोटो असलेलं, ते एका बाजूने सुटायला लागलं आणि डिस्क मशीनमध्ये नीट फिरेनाशी झाली. कॅसेट निदान थोडी तरी दिसते हो, मुंग्या मुंग्या आल्या तरी माणूस ओळखू येतं. डिस्क अडकली की सगळंच अडकतं. आणि आता मुलगा विचारतो ही घालायची कुठे, लॅपटॉपला खाचच नाही.

रानभाजी

माटोळीला यंदा कांगलां मिळाली का कोणाला? आमच्याकडे रानात अजून दिसली नाहीत.

डिचोलीकर

म्हापशाला मिळतील, चवथीच्या आदल्या दोन दिवसांत माटोळीचा बाजार भरतो तेव्हा. आंबाडे आमच्या दारात भरपूर आहेत, घेऊन जा.

सोल्डरगन

थोडं लिहितो, दुकानात आज गिऱ्हाईक नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई, तिने २०१६ च्या जुलैत बंद केलं. म्हणजे आता एक मशीन चालू ठेवायला दोन बंद मशीनं फोडावी लागतात, बेल्ट याचा, रबरी रोलर त्याचा. माझ्याकडे आठ पडली आहेत, चालतात तीन. माझ्यानंतर हे शिकणारा कोणी नाही, मुलगी मदत करते पण तिचा अभ्यास आहे. म्हणून म्हणतो पुढच्या वर्षी बघू असं करू नका. आणि देताना डिस्क करून मागू नका, फाइल मागा, दोन ठिकाणी ठेवा, एक घरात आणि एक दुसऱ्या गावी कोणाकडे तरी. मिनीडीव्ही (नंतरच्या हँडीकॅमची छोटी कॅसेट) असेल तर ती मुळातच डिजिटल, फायरवायरने (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची वायर) जशीच्या तशी उतरते, तासाला १३ जीबी होते, होऊ दे. दाबून लहान करू नका.

जायांची_वेणी

सगळ्यांना आधी नमस्कार. परवा मडगावहून कॅसेट आली.

सोल्डरगनदादांनी खोकं उघडून रीळ बाहेर काढलं, मागच्या अंगणात तोंडाला मास्क लावून, हाताने सावकाश फिरवत सगळी टेप कोरड्या कापडाने पुसली, दोन दिवस लागले, आणि दुसऱ्या खोक्यात बसवली. मला समोर बसवून दाखवलं. टेपच्या कडेला आवाजाची पट्टी असते आणि बुरशी कडेपासूनच खात येते, म्हणून आवाज आधी जातो, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

दोन तास दहा मिनिटांनंतर आरती सुरू होते. चित्राला वर एक पट्टा थरथरतो. आजो खाली मांडी घालून, घुमट मांडीवर, डावा हात मागच्या तोंडावर, बोटं उघडतात मिटतात आणि नाद फुगतो आणि आवळतो. अकरा मिनिटं आहे. त्यातली चार मिनिटं आवाज नाही, नुसती खरखर. बाकी सगळं आहे.

आणि आरतीच्या आधी, हे आम्हाला कोणालाच आठवत नव्हतं, व्हिडिओवाल्याची ती हॅलोजनची मोठी लायट बरोबर माटोळीखाली आणलेली, आणि आजो मान वर करून त्याला म्हणतात, "ती लायट बंद कर रे, माटोळी बावतली." म्हणजे कोमेजेल.

बाबांनी ते वाक्य सात वेळा लावायला लावलं. नंतर देवघरात गेले आणि घुमट काढून पुसत बसले.

आबोली७०

देव बरें करूं त्या दादांचं. आजीचं लिहायचं राहूनच गेलं माझं, उद्या नक्की.

मस्कतवाली

चार मिनिटं गेली त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. सात आहेत.

पेडण्याचा_पडदा

सोल्डरगन, विचारू की नको असं करत होतो. मॅचच्या खालचा तिसरा अंक कुठल्याही उपायाने परत येतो का?

सोल्डरगन

नाही हो. नवीन रेकॉर्डिंगच्या आधी इरेज हेड टेप पूर्ण पुसत जातो. तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. पण मॅच संपून पुढे टेप उरली असेल तर तिथलं नाटक तसंच असेल, शेवटपर्यंत बघितलीत कधी? आणि त्या वेळी कॅसेटच्या प्रती निघायच्या, नाटकातल्या इतर कोणी घेतली होती का?

पेडण्याचा_पडदा

शेवटपर्यंत कधी बघितली नाही, मॅच आली की बंद करायचो. प्रॉम्प्टर होते त्यांनी एक प्रत घेतली होती बहुतेक. ते आता मुलीकडे असतात, बांबोळीला. रविवारी दादाला घेऊन जातो.