अल-अक्सा म्हणजे नेमकी कोणती इमारत? फलकासाठी मदत हवी

फलकवाला_सीताबर्डी
नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका वाचनालयात जगातल्या तीर्थस्थळांचं छोटं प्रदर्शन लागतंय. जेरुसलेमच्या अल-अक्साचा फलक माझ्या वाट्याला आलाय. दोनशे शब्द, एक छायाचित्र, एक नकाशा. अडलंय ते असं:

छायाचित्र सोनेरी घुमटाचं लावू की करड्या? एक फॉरवर्ड म्हणतो सोनेरी म्हणजेच अक्सा. दुसरा म्हणतो, सोनेरी घुमट दाखवून खरी अक्सा जगापासून लपवतात.

'पहिला किब्ला' (नमाज पढताना तोंड करायची दिशा) आणि 'तिसरं पवित्र स्थान' हे दोन्ही एकाच परिच्छेदात लिहिलं तर वाचणारा गोंधळणार नाही का?

शेवटच्या चौकटीचं शीर्षक 'धोके' असं ठरलंय. तिथे काय लिहू? जे वाचायला मिळतं ते एकमेकांना छेद देणारं. बघायला मुस्लिमबहुल मोमीनपुऱ्यातून लोक येणार तसेच हिंदूबहुल महालातूनही. चूक झाली तर दोन्हीकडून ऐकावं लागेल.

मेहराब
भाऊ, आधी नावांचं निस्तरू. दोन्ही फॉरवर्ड चुकीचे आहेत.

अल-अक्सा म्हणजे तटबंदीच्या आतलं सगळं आवार. सुमारे १४४ दुनम, म्हणजे साधारण ३५ एकर. सोनेरी घुमटाची अष्टकोनी, निळ्या फरशांची वास्तू म्हणजे कुब्बतुस्सख्रा, 'खडकावरचा घुमट'. उमय्यद खलिफा अब्दुल मलिकने ती इ. स. ६९१-९२ मध्ये पुरी केली. ही नेहमीच्या अर्थाने मशीद नाही, मधल्या खडकाभोवती बांधलेलं स्मारक आहे. आवाराच्या दक्षिण टोकाला करड्या शिशाच्या घुमटाची लांबट इमारत दिसते, पुढे सात कमानींची ओसरी, ती किबली मशीद. आठव्या शतकाच्या सुरुवातीला अल-वलीदच्या काळात ती उभी राहिली. जुम्म्याचा खुतबा, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, इथल्या मिंबरवरून (पायऱ्यांच्या व्यासपीठावरून) होतो. रोजच्या बोलण्यात हिलाच अक्सा म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. लपवाछपवी कुणी करत नाही. सोनेरी घुमट फोटोत उठून दिसतो, इतकंच.

छायाचित्र जैतुनाच्या टेकडीवरून घेतलेलं निवडा. कॅमेरा पूर्वेकडून पश्चिमेला बघतो, म्हणून दक्षिण डाव्या हाताला येते: डावीकडे करडा घुमट, उजवीकडे सोनेरी, आणि दोन्हींना कवेत घेणारी तटबंदी. खाली 'हे संपूर्ण आवार म्हणजे अल-अक्सा' एवढी ओळ पुरे. फोटो उलटा छापला गेला तर करडा उजवीकडे जाईल. प्रूफ बघताना तेवढं तपासा.

महत्त्वाचं मूळ कुराणात आहे, १७ व्या सूरेची पहिली आयत: पैगंबर मुहम्मदांचा एका रात्री मक्केच्या मस्जिदुल हरामपासून मस्जिदुल अक्सापर्यंतचा प्रवास, 'जिच्या परिसराला आम्ही बरकत दिली'. हा इस्रा. तिथून ते आकाशाकडे गेले तो मेराज. त्या काळी तिथे आजची एकही इमारत नव्हती, मग मशीद कसली, असं लोक हटकून विचारतात. मस्जिद म्हणजे सजद्याची, कपाळ टेकायची जागा. भिंत आणि छप्पर नंतरचं. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या संग्रहांत पैगंबरांचे सोबती अबू जर यांची हदीस (पैगंबरांच्या वचनाची नोंद) आहे, तिच्यात पृथ्वीवरची पहिली मशीद मक्केची, दुसरी अक्सा, आणि दोहोंत चाळीस वर्षांचं अंतर सांगितलंय.

'तिसरं' हा शब्द क्रमाचा नाही, दर्जाचा आहे. इबादतीसाठी मुद्दाम प्रवास करायचा तर तीनच मशिदींचा, अशी हदीस आहे: मक्का, मदिना, अक्सा. मक्केतल्या एका नमाजचं पुण्य लाखपट आणि मदिनेतलं हजारपट हे सर्वश्रुत आहे. अक्साबद्दल मात्र ५०० आणि २५० असे दोन्ही आकडे रिवायतींत, म्हणजे परंपरेने आलेल्या कथनांत, येतात. फलकावर आकडा टाकूच नका, उद्घाटनाच्या दिवशीच वाद लागेल.

ओळंबा
पहिल्या किब्ल्याचं मी सांगतो. हिजरतनंतर, म्हणजे पैगंबर मक्का सोडून मदिनेला आल्यावर, तिथे १६ की १७ महिने नमाज बैतुल मक्दिसकडे, म्हणजे जेरुसलेमकडे तोंड करून होत होती. मग दुसऱ्या सूरेची १४४ वी आयत आली आणि दिशा काब्याकडे वळली. हिजरी सन २, इ. स. ६२४ च्या आसपास. मदिनेहून जेरुसलेम उत्तरेला आणि मक्का दक्षिणेला. त्यामुळे ते 'थोडं वळणं' नव्हतं, सगळ्या रांगांना जवळपास पाठमोरं व्हावं लागलं. मदिनेतली मस्जिदे किब्लतैन, दोन किब्ल्यांची मशीद, याच आठवणीची. म्हणून किब्ला म्हणून काळाने पहिली आणि पवित्र स्थान म्हणून दर्जाने तिसरी, असं एका ओळीत लिहिलं तर कुणी गोंधळणार नाही.

आता नकाशा. नागपूरहून दोन बाण काढणार असाल तर भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका. नागपूर २१.१ आणि मक्का २१.४ उत्तर अक्षांशावर, त्यामुळे पट्टी जवळजवळ सरळ पश्चिम दाखवते. पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळचा मार्ग नागपुरातून उत्तरेकडे झुकून निघतो: काबा उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे २७८ अंशांवर, म्हणजे पश्चिमेच्या ८ अंश उत्तरेला. जेरुसलेम सुमारे २९५ अंशांवर. दोन बाणांत १७ अंशांचं अंतर दिसलं पाहिजे.

पडताळणी फुकटात होते. २८ मेला आपल्याकडे दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य काब्याच्या बरोब्बर डोक्यावर असतो. ओळंब्याने सरळ केलेली एक मीटरची काठी उभी करा. सावली साधारण ७४ सेंटीमीटर पडेल, आणि सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुडाकडे जाणारी रेघ हाच किब्ला. पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तरी फरक पाव अंशाचा. काठी वाकडी असली तर मात्र सगळं मुसळ केरात. १६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांनी पुन्हा हाच योग येतो, पण तेव्हा आपल्याकडे ढग. नवतपाच बरा, ऊन तरी हमखास.

चुना_सुरकी
'धोके' ही एक चौकट नको, दोन करा: इमारतीला असलेले आणि हक्काच्या व्यवस्थेला असलेले. सरमिसळ केली की फॉरवर्ड तयार होतो.

इमारतीचा सगळ्यात जुना वैरी भूकंप. कुब्बतुस्सख्रा नैसर्गिक खडकावर बसलीय, म्हणून तेराशे वर्षांत तिचा मूळ आराखडा टिकला. किबली मशीद उतारावर भराव आणि कमानी घालून वाढवलेल्या दक्षिण टोकावर आहे. भराव हादऱ्यात बसतो, तोही सगळीकडे सारखा नाही, मग खांब कलतात आणि कमानी फाटतात. १०३३ च्या भूकंपानंतर फातिमी खलिफा अल-जाहिरला ती जवळजवळ नव्याने बांधावी लागली. आजच्या सात दालनांचा आराखडा तेव्हाचा. १९२७ च्या भूकंपात पुन्हा नुकसान झालं. १९३८ ते ४२ च्या दुरुस्तीत इटलीहून संगमरवरी खांब आले आणि छताचा खर्च इजिप्तने उचलला.

दुसरा वैरी पाणी. किबली मशिदीचा घुमट मुळात लाकडी, वर शिशाचा पत्रा. १९६० च्या दशकात काँक्रीट करून वर अॅल्युमिनियम बसवलं. १९८३ मध्ये ते उतरवून पुन्हा शिसं आणलं. शिसं जड आणि मऊ, उन्हात बरंच फुगतं. म्हणून पत्रे घट्ट जखडत नाहीत, कडा एकमेकींत दुमडून हलायला जागा ठेवतात. जखडलं की चीर पडते, आणि चिरेतून गेलेलं पाणी आतली रंगवलेली नक्षी खातं. या जीर्णोद्धाराला १९८६ चा आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. सोनेरी घुमटाचा आजचा मुलामा १९९३-९४ चा, सुमारे ८० किलो सोनं, खर्च जॉर्डनचे राजे हुसेन यांनी केला.

तिसरा आग, आणि १९६९ ची आग फलकावर आलीच पाहिजे.

गोधनी_लोकल
ती आग ज्यूंनीच लावली होती ना?

चुना_सुरकी
नाही जी. २१ ऑगस्ट १९६९ ला आग लावणारा डेनिस मायकल रोहन हा ऑस्ट्रेलियन ख्रिश्चन. मशीद जाळली की मंदिर उभं राहील आणि ख्रिस्ताचं पुनरागमन जवळ येईल, असं त्याच्या डोक्यात होतं. इस्रायली न्यायालयाने त्याला मनोरुग्ण ठरवलं. त्याने रॉकेल ओतून मिंबरजवळ आग लावली, आग्नेयेकडचं छत गेलं. महिनाभरात रबातला मुस्लिम देशांची शिखर परिषद भरली आणि इस्लामी देशांची संघटना जन्माला आली.

जळालेला मिंबर साधा नव्हता. सीरियाचा सुलतान नुरुद्दीन जंगीने तो ११६८-६९ मध्ये अलेप्पोत करून घेतला, जेरुसलेम क्रुसेडरांच्या ताब्यात असतानाच, जिंकल्यावर बसवायचा म्हणून. त्याच्या हयातीत ते झालं नाही. ११८७ मध्ये शहर घेतल्यावर सलाहुद्दीनने तो आणून बसवला. लाकडाचे हजारो लहान तुकडे खाचेत खाच घालून जोडलेले, ना खिळा ना सरस. याचं कारण साधं आहे: लाकूड हवेप्रमाणे फुगतं आणि आकसतं, खिळा मारला की तिथेच तडकतं, खाचेत मात्र त्याला हलता येतं. नवा मिंबर जॉर्डनमध्ये जुने फोटो आणि उरलेले तुकडे बघून घडवला. आधी भूमितीची जाळी उलगडावी लागली, कारण एक कोन चुकला की पुढचा ताराच मिटत नाही. २००७ मध्ये तो जागेवर बसला. जुन्याचे जळके तुकडे आवारातल्या इस्लामी संग्रहालयात आहेत.

मेहराब
दुसरी चौकट मी देतो. इथे शब्द तोलून वापरा.

७ जून १९६७ ला इस्रायलने जुनं शहर घेतलं. संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी आवाराचा आतला कारभार जॉर्डनशी संलग्न वक्फकडेच (मुस्लिम धर्मादाय संस्थेकडेच) ठेवला. सुरक्षा आणि मुगरबी दरवाजाची किल्ली इस्रायलकडे. नमाज मुस्लिमांनी पढायची, इतरांनी फक्त बघायला यायचं, यालाच 'स्टेटस को' म्हणतात. १९९४ च्या शांतता करारात इस्रायलने जॉर्डनची खास भूमिका मान्य केली.

ज्यूंसाठी हीच जागा हर हबायित, म्हणजे 'मंदिराचा डोंगर', त्यांच्या दोन्ही प्राचीन मंदिरांची. दुसरं मंदिर रोमनांनी इ. स. ७० मध्ये पाडलं. हे वाक्य फलकावर नसेल तर पुढचं काहीच कळत नाही. इस्रायलच्या मुख्य रब्बी कार्यालयाने आत जायला मनाई केलीय, कारण परमपवित्र गाभाऱ्याच्या जागी अशुद्ध अवस्थेत पाऊल पडू नये. ही मनाई न मानणारा गट वाढतोय आणि आत उघड प्रार्थना व्हायला लागल्यात, हा आजचा खरा तणाव.

खरे कट आणि हल्लेही झालेत. ११ एप्रिल १९८२ ला अॅलन गुडमन या सैनिकाने आत गोळीबार केला. १९८४ मध्ये एक ज्यू भूमिगत टोळी पकडली गेली, सोनेरी घुमट स्फोटकांनी उडवायची त्यांची योजना होती. २८ सप्टेंबर २००० ची एरियल शेरॉन यांची भेट दुसऱ्या इंतिफादाची (पॅलेस्टिनी उठावाची) ठिणगी ठरली. जुलै २०१७ मध्ये आवाराच्या दारात दोन पोलीस मारले गेल्यावर मेटल डिटेक्टर लागले. लोकांनी बाहेर रस्त्यावर नमाज पढून विरोध केला आणि ते काढले गेले.

'खालून भुयार खणून मशीद पाडतायत' हे मात्र तसंच्या तसं लिहू नका. पश्चिम भिंतीचं भुयार भिंतीला लागून, आवाराच्या बाहेरून जातं. १९९६ मध्ये त्याचं उत्तरेकडचं तोंड उघडल्यावर दंगली होऊन कित्येकजण मेले. पण भीती हवेतली नाही: १९११ मध्ये माँटेग्यू पार्कर या इंग्रजाने पहारेकऱ्यांना लाच देऊन खरोखरच रात्री खडकाखालच्या गुहेत खोदलं, आणि बोभाटा झाल्यावर पळ काढला. उलट बाजूही लिहा. १९९९ मध्ये आवाराखालच्या मरवानी दालनाचा रस्ता करताना वक्फने जेसीबी लावून माती उपसली, त्यात पुरावशेष गेले म्हणून इस्रायली पुरातत्त्वज्ञ आजही चिडलेले आहेत.

जुनी_शुक्रवारी
नागपूरकरांना जोडणारा एक धागा घ्या. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसला मौलाना मोहम्मद अली जौहर होते. असहकार आणि खिलाफत, दोन्ही तेव्हा ऐन भरात. जानेवारी १९३१ मध्ये ते लंडनला वारले आणि दफन झाले ते अक्साच्या आवारात, पश्चिमेकडच्या ओवरीला लागून. कबरीवर त्यांच्या नावापुढे 'अल-हिंदी' आहे. १९२०च्या दशकातल्या दुरुस्तीसाठी हैदराबादच्या निझामानेही देणगी दिली होती. कागदोपत्री वऱ्हाड तेव्हा त्यांचंच की.

फलकवाला_सीताबर्डी
बाप्पा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं! दोन चौकटी करतो, बाण २७८ आणि २९५ वर. शीर्षक 'तिसरं हरम: अल-अक्सा' चालेल?

मेहराब
'हरम' नको. शिकार आणि झाडतोडीला बंदी असलेली हद्द, या फिकहच्या (इस्लामी धर्मशास्त्राच्या) अर्थाने हरम मक्का आणि मदिना हे दोनच. अक्साला लोक आदराने हरम शरीफ म्हणतात, पण फलकावर 'तिसरं हरम' दिसलं की मोमीनपुऱ्यातला पहिलाच आलिम बोट ठेवेल. 'मस्जिदुल अक्सा' एवढंच लिहा, आणि 'क्सा' जोडाक्षर फुटलेलं नाही ना ते छापखान्यात बघून घ्या.