मदत हवी आहे: कुत्र्यांचा निवारा हवाच, पण चिंचा वाचवून. हरकत कशी लिहू?

शिवणटाका

नमस्कार मंडळी. धागा घाईत काढतेय, कारण हातात चारच दिवस उरलेत. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमचं गाव पश्चिम महाराष्ट्रातलं, तालुक्याचं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. नगरपरिषदेने जुन्या पाणीटाकीमागच्या तीस गुंठ्यांत भटक्या कुत्र्यांसाठी निवारा आणि नसबंदी केंद्र बांधायचं ठरवलंय. सर्वोच्च न्यायालयाचा ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश बऱ्याच जणांना माहीत असेल. शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, क्रीडासंकुलं इथली कुत्री उचलायची, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायची, परत त्याच जागी सोडायची नाहीत. आता उचलून ठेवणार कुठे? आमच्याकडे कचरा डेपोजवळ एक पत्र्याची शेड आहे, बस्स. त्यामुळे सगळी धावपळ चाललीय.

आधीच सांगते, मी या निवाऱ्याच्या विरोधात नाही. उलट गेली तीन वर्षं मीच अर्ज देत होते. मी घरी ब्लाउज शिवते. गल्लीतल्या आठ-नऊ कुत्र्यांना खायला घालते, जमेल तसं रेबीजचं इंजेक्शन देऊन आणते. मागच्या एप्रिलात त्या पत्र्याच्या शेडमध्ये एका कुत्रीला बघायला गेले होते. दुपारचे दोन वाजले होते. पाण्याची पाटी होती, पण पाणी हात घालवणार नाही इतकं तापलेलं. कुत्री सिमेंटवर पोट टेकत नव्हती. उभी राहायची, पाय बदलायची, परत उभी राहायची. त्या दिवसापासून मी बरी जागा द्या म्हणून मागे लागलेय.

आणि आता जागा मिळाली तर तिथल्या झाडांवर नोटिसा लागल्या. एकूण ४१ झाडं. प्रत्येकावर पिवळ्या ऑइलपेंटने नंबर घातलाय आणि खळीने कागद डकवलाय: हरकत असल्यास सात दिवसांच्या आत लेखी कळवावी. सतरा नंबरच्या चिंचेवरचा कागद मुंगळ्यांनी कडेने कुरतडायला घेतलाय. तीन दिवस तर मला कळलंच नाही, शेजारची मुलं चिंचा पाडायला गेली तेव्हा त्यांनी येऊन सांगितलं.

काल मुलीला घेऊन गेले आणि सगळी झाडं मोजून आले. शिवणाची टेप दीडशे सेंटिमीटरची. मोठ्या चिंचेला ती अडीच वेळा लावावी लागली, घेर ३ मीटर ७२ भरला. वडाचा घेर नीट घेताच आला नाही, पारंब्या मध्ये येतात. ४१ पैकी २६ झाडं सुबाभूळ, निलगिरी आणि गिरिपुष्प, बहुतेक मनगटाएवढी किंवा मांडीएवढी. ती गेली तर मी रडणार नाही. राहिलेली १५ म्हणजे एक वड, तीन चिंचा, पाच कडुनिंब, चार करंज आणि दोन मला ओळखता न आलेली. ही सगळी प्लॉटच्या मधोमध आहेत, आणि इमारतही नेमकी तिथेच दाखवलीय. पूर्वेची बाजू मात्र मोकळी आहे. तिथे पूर्वी वीटभट्टी होती, अजून खरपड जमीन आहे, एक झाड नाही.

माझा प्रश्न असा. हरकत घेतली की काम थांबेल आणि थांबलं की निधी परत जाईल, असं नगरपरिषदेतल्या एकांनी मला सरळ सांगितलं. "ताई, झाडं पाहिजेत का कुत्री, ते ठरवा." मला दोन्ही पाहिजेत हो. चाळीस अंशांच्या उन्हात कुत्र्यांना सावली तरी कोण देणार? काम न थांबता इमारत फक्त पूर्वेला सरकावी, अशी हरकत लिहिता येते का? कुठल्या कायद्याखाली, कुणाच्या नावाने आणि काय काय जोडून? जाणकारांनी कृपया सांगावं.

गोदाकाठ

ताई, हरकत नक्की द्या. आमच्याकडे नाशिकला तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी झाडं तोडायची नोटीस निघाली तेव्हा "हरकतींनी काय होतंय" म्हणणारे पुष्कळ होते. लोकांनी लेखी दिलं, सुनावणीला गर्दी केली, तेव्हाच तो विषय राज्यभर गेला. एकट्याने देऊ नका. गल्लीतल्या प्रत्येकाने आपापल्या नावाने वेगळी द्यावी.

जुना ओव्हरसियर

मी नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात २९ वर्षं काढली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, अशी हरकत लिहिता येते, आणि तीच जास्त चालते.

कायदा १९७५ चा, महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. त्यातल्या कलम ८ खाली ही परवानगी असते. हरकत वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे द्या, प्रत मुख्याधिकाऱ्यांना आणि वृक्ष प्राधिकरणाच्या अध्यक्षांना. आवक-जावकला देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा. नोटीस वर्तमानपत्रात कधी आली तेही बघा आणि कात्रण जोडा.

मजकुरात "पर्यावरणाचा ऱ्हास", "निसर्गाची हत्या" असलं काही लिहू नका. आम्ही ते वाचायचोच नाही, खरं सांगतो. झाडाचा नंबर, जात, घेर, अंदाजे वय आणि तोडण्याऐवजी काय करता येईल, एवढंच तक्त्यात द्या. घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर घेतलाय ना? वर-खाली घेतला असेल तर परत घ्या, सुनावणीत पहिला आक्षेप त्यावरच येतो.

तुमची खरी ताकद वयात आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हे वारसा वृक्ष धरतात. आणि झाड तोडलं तर त्याचं जितकं वय तितकी झाडं लावावी लागतात, तीही सहा ते आठ फूट उंचीची, जिओटॅगिंग करून आणि सात वर्षं सांभाळून. आता हिशेब करा. चिंच सत्तर वर्षांची निघाली तर एकट्या तिच्यापोटी सत्तर झाडं. वड आणि तीन चिंचा मिळून अडीचशे-तीनशेच्या घरात जाईल. ती लावायला नगरपरिषदेकडे जागा कुठली? हा आकडा हरकतीत ठळक लिहा. मुख्याधिकारी तो वाचतील आणि आर्किटेक्टला फोन करतील.

बहुधा झालंय असं की आर्किटेक्टने दुसऱ्या कुठल्या गावचा टाइप प्लॅन, म्हणजे तयार नमुना आराखडा, उचलून प्लॉटच्या मध्यावर ठेवलाय. जागेच्या सर्व्हेत उभी झाडं घेतलीच नसतील. म्हणून माहिती अधिकारात फाइलची पाहणी मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. उत्तराला त्यांना ३० दिवस आहेत, तेवढ्यासाठी हरकत अडवून ठेवू नका, ती आधी द्या. फाइलमध्ये दोन गोष्टी शोधा: झाडं दाखवलेला सर्व्हे नकाशा आहे का, आणि विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण कसलं आहे. बाग किंवा खुली जागा असं आरक्षण असेल तर वापर बदलायला नगररचना कायद्याच्या कलम ३७ ची प्रक्रिया लागते आणि त्यात हरकतींना महिनाभर मिळतो. पण हा मुद्दा जपून वापरा. तो उचललात तर काम खरंच लांबेल.

एक शंका आहे. पूर्वेची बाजू मोकळी म्हणताय, तिथून नाला जातो का? वीटभट्ट्या पाण्याच्या कडेलाच असायच्या. नाल्यापासून अंतर कमी पडत असेल तर तुमचा पर्याय पहिल्याच मिनिटाला निकालात निघेल.

गावठाण

राग मानू नका ताई. माझ्या सात वर्षांच्या मुलाला ऑगस्टमध्ये शाळेच्या गेटवर कुत्रं चावलं. पोटरीला. पाच इंजेक्शनं झाली, आणि तालुक्याला सीरम नव्हतं म्हणून रात्री जिल्ह्याच्या गावी पळालो. अजून तो गेटपासून वर्गापर्यंत माझा हात सोडत नाही. झाडं मलाही आवडतात, पण "थोडं थांबा, थोडं सरकवा" करत वर्ष गेलं तर आणखी कुणाचं तरी मूल जाईल. तुमच्या हरकतीने काम एक दिवसही लांबणार नाही असं तुम्ही लिहून देऊ शकता का?

शिवणटाका

@गावठाण, राग कसला? मुलगा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. लिहून तर देऊ शकत नाही, पण तुमचं म्हणणं वाचूनच मी ठरवलं की कलम ३७ चा मुद्दा हरकतीत घालायचा नाही. आणि पहिलंच वाक्य असं लिहिलंय: "सदर निवारा केंद्रास आमचा पूर्ण पाठिंबा असून काम तातडीने सुरू व्हावे, ही विनंती." त्याच्या खालीच तक्ता. चालेल ना?

@ओव्हरसियर काका, नाला आहे. तुम्ही विचारलंत म्हणून आज सकाळी परत गेले. नाल्याच्या काठापासून भट्टीच्या जुन्या भिंतीपर्यंत माझी ५१ पावलं. इमारत बारा मीटर रुंद दाखवलीय. बसेल असं वाटतं, पण तुम्हीच सांगा. अडचण रस्त्याची आहे. गाडी पश्चिमेकडून येते, म्हणजे पूर्वेला जायचं तर झाडांतूनच जावं लागेल.

जुना ओव्हरसियर

५१ पावलं म्हणजे धरा तीस-पस्तीस मीटर. पूररेषेची अट कागदावर बघावी लागेल, पण सोडून द्यावं असं काही नाही. रस्ता उत्तरेच्या कंपाउंडला लागून न्या. तिथे तुमच्या तक्त्याप्रमाणे सुबाभळीच आहेत. साडेतीन मीटरचा रस्ता पुरे, कुत्र्यांची गाडी काही ट्रक नसतो. हा रस्ता पेन्सिलने का होईना, नकाशावर काढून हरकतीला जोडा. पर्याय डोळ्यांना दिसला पाहिजे.

गुरांचा डॉक्टर

मी पशुवैद्यक, नसबंदीच्या शिबिरांत बरंच काम केलंय. सावलीबद्दल ताईंचं बरोबर आहे. पत्र्याखाली ठेवलेली कुत्री उन्हाळ्यात ऑपरेशननंतर लवकर सावरत नाहीत, टाके चाटतात, खात नाहीत. कडुनिंबाच्या सावलीतला पिंजरा आणि उघड्यावरचा पिंजरा यात मला तरी जमीन-अस्मानाचा फरक जाणवलाय.

पण पिंजरे थेट झाडाखाली नकोत. पालापाचोळा साठला की गोचीड होते, आणि एकदा निवाऱ्यात गोचीड शिरली की घालवता घालवता नाकी नऊ येतात. झाडाच्या बुंध्याभोवती मोकळी माती ठेवा, रोज झाडता येईल अशी. पिंजऱ्यांची रांग फांद्यांच्या कडेला, म्हणजे दुपारची सावली पोचेल आणि पाला कमी पडेल. आजारी कुत्र्यांचा कक्ष वेगळा आणि नाल्यापासून सगळ्यात लांब. धुण्याचं पाणी थेट नाल्यात जाणार नाही हे तुमच्याच हरकतीत लिहा. म्हणजे पूर्वेला सरकवण्यावरचा आक्षेप तुम्हीच आधी मिटवलेला असेल.

कुणी "पुनर्रोपण करू" म्हणालं तर सावध राहा. वड एक वेळ जगतो, फांद्या छाटून नीट हलवला तर. एवढी जुनी चिंच हलवली तर ती उभीच वाळते, मी दोन पाहिल्यात. पाने गळतात, दोन पावसाळे बुंधा तसाच उभा राहतो, मग एका वादळात पडते.

आणि @गावठाण, तुमच्या शाळेच्या गेटवरच्या कुत्र्यांचं लसीकरण निवारा होईपर्यंत थांबवायचं कारण नाही. मुख्याध्यापकांकडून नगरपरिषदेला पत्र द्यायला लावा. शाळेने एक जबाबदार माणूस नेमायचा आहे, तेही त्याच आदेशात आहे.

गावठाण

हे माहीत नव्हतं डॉक्टर. उद्याच जाते शाळेत. ताई, तुमच्या हरकतीवर माझीही सही घ्या, पहिलं वाक्य आहे तसंच ठेवणार असाल तर.

शिवणटाका

ठेवणार म्हणजे ठेवणारच. तुमची सही माझ्या सहीच्या शेजारी असेल तर मला दुसरं काही नको.

आज दुपारी हरकत दिली. एकूण २३ जणांच्या वेगवेगळ्या, सगळ्यांवर आवक क्रमांक घेतले. टेबलवरच्या बाईंनी आधी एकच गठ्ठा करून एकच शिक्का मारायला घेतला होता. काकांचं वाक्य आठवून मी तिथेच उभी राहिले, मग त्यांनी एकेक मारला. पाऊण तास लागला. नकाशा मुलीने काढलाय, चौकटीच्या वहीवर, एक चौकट म्हणजे एक मीटर. वृक्ष अधिकाऱ्यांनी तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हा रस्ता कुणी सुचवला?" काकांचं नाव कसं सांगणार, मला तरी कुठे माहीत आहे! सुनावणी पुढच्या गुरुवारी अकरा वाजता आहे. डिसेंबरात निवडून आलेले आमच्या वॉर्डाचे नगरसेवकही येतो म्हणालेत.

आता एक शेवटची मदत. तक्त्यात २२ आणि ३१ नंबरची झाडं मी "जात ओळखता आली नाही" अशी लिहिलीत, आणि सुनावणीला तसं जायचं नाही. २२ नंबरची साल करडी, जाड, खवल्याखवल्यांची आहे. पानं मोठी, लांबट, आत्ता बरीचशी गळलेली. खाली वाळकी फळं सापडली, त्यांना लांबीला उभे पंख आहेत, पाच मोजले. ३१ नंबरच्या फांद्यांवर बोथट काटे आहेत आणि खोड वरपर्यंत सरळ जातं. अजून फूल नाही, पण कळ्या धरल्यात, जाडजूड, काळपट हिरव्या. घेर अनुक्रमे २ मीटर १० आणि २ मीटर ६५. कुणाला ओळखता येतील का? गुरुवारच्या आत सांगा, म्हणजे तक्ता दुरुस्त करून नेते.

जुना ओव्हरसियर

२२ अर्जुन वाटतो, पण सालीचा रंग नीट बघा. अर्जुनाची साल गुळगुळीत, पांढरट असते आणि ढलप्या निघतात. खवल्याखवल्यांची, मगरीच्या पाठीसारखी जाड असेल तर ऐन. दोघांच्या फळांना पंख असतात, त्यामुळे फळावरून घोटाळा होतो. ३१ ही काटेसावर. फेब्रुवारीत लाल फुलली की अख्ख्या गावाला दिसेल.

शिवणटाका

खवल्याखवल्यांचीच आहे काका, आत्ता फोटो परत बघितला. ऐन लिहिते.