ई१००० रजिस्टर मॅप: स्ट्रक्चर की ऑफसेट?

रत्नांग्रीकर: क्यूईएमयूतल्या (आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम) ८२५४०ईएम, म्हणजे ई१०००, या नेटवर्क कार्डासाठी ड्रायव्हर लिहितोय. कार्डाची सगळी रजिस्टरं (त्याला आदेश द्यायच्या, स्थिती वाचायच्या जागा) सी भाषेच्या एका स्ट्रक्चरमध्ये मांडली आहेत. पॅकेट जातं, पण येत एकही नाही. मॅप चुकलाय का?

कुडाळचो_बाबल्या: स्ट्रक्चर सोड रे! ऑफसेट, म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर बघ: स्टेटस ८ वर, आयसीआर (इंटरप्टचं कारण सांगणारं) थेट हेक्स सी० वर, आरडीटी (येणाऱ्या पॅकेटांच्या रिंगची शेपटी) हेक्स २८१८ वर. मधल्या भोकांत एक राखीव फील्ड कमी पडलं की पुढचं सगळंच सरकतं. साधे ऑफसेट मॅक्रो कर, वाचणं-लिहिणं ३२ बिटांनीच, रीडएल-राइटएल ही फंक्शनं वापरून.

पण तुझं पाठवणं चालतंय, म्हणजे बहुधा आरडीटी शून्यावरच राहिलाय. आरडीएच (त्याच रिंगचं डोकं) आणि आरडीटी सारखे असले की कार्डाच्या लेखी रिंग रिकामी. रिंगमध्ये ३२ डिस्क्रिप्टर (पॅकेट कुठे ठेवायचं ते सांगणाऱ्या नोंदी) असतील तर आरडीटीत ३१ घाल. आरडीलेन, म्हणजे रिंगची लांबी, बाइटमध्ये असतं, ३२ गुणिले १६ म्हणजे ५१२. ते १२८ च्या पटीतच हवं. आरसीटीएलचा (पॅकेट घेण्याचं नियंत्रण) ईएन, म्हणजे चालू करायचा बिट सगळ्यात शेवटी लाव.

देवगड_हापूस: बाबल्याशी सहमत. शिवाय मॅपमध्ये प्रत्येक रजिस्टराचा स्वभावही लिहून ठेवा. आयसीआर वाचलं की पुसलं जातं, त्यामुळे डीबगसाठी सरसकट डंप मारलात तर इंटरप्ट गिळले जातात आणि दोष भलत्यालाच लागतो. आयएमएसमध्ये (इंटरप्ट चालू करणारं रजिस्टर) शून्य लिहून मास्क होत नाही, म्हणजे इंटरप्ट बंद होत नाहीत, त्यासाठी आयएमसी.

टीडीटीचं (पाठवायच्या रिंगची शेपटी) प्रत्येक लिखाण गेस्टमधून, म्हणजे आभासी संगणकातून, क्यूईएमयूकडे बाहेर पडायला लावतं, आणि ते महाग. चार-पाच डिस्क्रिप्टर भरून एकदाच लिहा.

रत्नांग्रीकर: आरडीटी शून्यच होता! ३१ घातल्यावर एआरपीचं (आयपीवरून कार्डाचा पत्ता विचारणारं पॅकेट) उत्तर आलं. मॅक्रो आज रात्री, लाइट राहिली तर.